डोरीनच्या गायी

निवेदिता कानवडे मूळची संगमनेरजवळच्या एका खेड्यातली. घरी जर्सी गायी होत्या, पहाटे दूध संकलन केंद्रावर कॅन पोचवायचं काम लहानपणापासून तिच्याच गळ्यात होतं. नाशिकला बी.कॉम. झाली, तिथेच लग्न झालं आणि दोन वर्षांत मोडलंही. भांडणतंटा, मारझोड असं काही नव्हतं. नवऱ्याला ती नको होती, आणि हे लग्नाआधी सांगायची हिंमत त्यानं केली नव्हती, एवढंच. माहेरी परतली तर तिच्या खोलीत भावाचा संसार लागलेला. वहिनी वाईट बोलत नसे, पण जेवताना ताट वाढताना तिचा हात जरा थांबायचा. आई म्हणायची, "राहा की गं, तुझंच घर आहे." ज्या घरात हे असं सांगावं लागतं ते आपलं राहिलेलं नसतं, हे निवेदिताला पहिल्याच महिन्यात उमगलं.

म्हणून ती न्यूझीलंडला शिकायला आली. ऑकलंडमध्ये एका फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तिचं कॉलेज होतं. तिथली मॅनेजमेंटची पदविका तिनं चांगल्या मार्कांनी मिळवली, पण त्या पदविकेवर तिला कुणी नोकरी देईना. शेवटी पापाकुऱ्यातल्या एका रेस्ट होममध्ये केअरगिव्हरची जागा मिळाली. म्हाताऱ्या माणसांना उठवायचं, आंघोळ घालायची, भरवायचं, झोपवायचं. काही दिवस करू आणि बरं काही मिळालं की सोडू, असं ठरवून ती लागली आणि रमली. तिला ते जमायचं. आजारी गाईला उठवताना जसं अंगाला अंग लावून, घाई न करता उठवतात, तसं ती माणसांना उठवायची. सोबतच्या मुली म्हणायच्या, निवेदिताच्या हाताला कुणी बोचकारत नाही.

रेस्ट होमच्या मागच्या बाजूला एक बंद विंग होती. स्मृती गेलेली माणसं तिथे राहायची. दाराला आकड्यांचं कुलूप, आत एक लांब कॉरिडॉर, त्याच्या टोकाला काचेचं दार आणि काचेपलीकडे लॉन, फिजोआचं झाड आणि कुंपण. डोरीन तिथेच राहायची. वायकाटोत हॅमिल्टनच्या पुढे तिचं नि तिच्या नवऱ्याचं डेअरी फार्म होतं. नवरा जाऊन वर्षं लोटली होती, फार्म विकलं गेलं होतं, पण डोरीनला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. दिवसभर ती खिडकीशी शांत बसायची, चहात बिस्कीट बुडवून खायची. उन्हं कलली की मात्र तिच्या पायांत काहीतरी शिरायचं. ती उठायची, कॉरिडॉरभर चालायची आणि काचेच्या दारावर हात आपटत म्हणायची, "गायी आणायच्या राहिल्यात. कुणीतरी दार उघडा. गायी आणायच्यात."

नव्या मुली तिला सांगत, "डोरीन, गायी आता नाहीत." मग ती रडायची किंवा मारायची. निवेदितानं असं कधी सांगितलं नाही. ती डोरीनचा हात आपल्या हातात घ्यायची आणि दोघी कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायच्या.

"आज किती दूध देईल ती पांढरी?" निवेदिता विचारायची.

"पांढरी? ती लाथ मारते, लव्ह. तिला शेवटी घ्यायची."

"आमच्याकडे पण होती एक तशी. तिला गूळ लागायचा आधी."

अर्धा-पाऊण तास असं चाललं की डोरीन दमायची, सगळ्या गायी आल्यात याची खात्री करून घ्यायची आणि मग निमूट जेवायला बसायची. डोरीनची मुलगी गेल वायकाटोतल्याच केंब्रिज गावाहून महिन्या-दोन महिन्यांनी यायची. तिनं एकदा हे पाहिलं आणि कॉरिडॉरमध्येच भिंतीला टेकून उभी राहिली. म्हणाली, "बाबा गेल्यापासून तिच्याशी गायींबद्दल कुणी बोललंच नव्हतं."

त्या विंगमध्ये कामाला विमलताई होत्या. विमल सोनार, जळगावच्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, कामाला वाघ. त्यांचे यजमान काशिनाथ माउंट रॉस्किलमधल्या एका हॉटेलात तंदूरवर होते. त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, आणि सगळं घर विमलताईंच्या नोकरीवर आलं. मुलगी श्रुती शाळेत होती, शेवटची दोन वर्षं राहिली होती, तिला नर्स व्हायचं होतं. निवेदिता नवीन असताना तिला उचलायचं कसं, वळवायचं कसं, अंथरुणाची चादर माणूस झोपलेला असताना कशी बदलायची, हे सगळं विमलताईंनीच शिकवलं. डब्यात तिच्यासाठी शेवभाजी आणायच्या. निवेदिता त्यांना ताई म्हणायची, अहो-जाहो करायची, आणि परक्या देशात आपलं कुणीतरी वडीलधारं आहे असं तिला मनापासून वाटायचं.

मग रेस्ट होम विकलं गेलं. नवे मालक कुणी पाहिले नाहीत. पण महिन्याभरात बंद विंगमधली दुपारची पाळी बदलली. आधी तिथे तीन जणी असायच्या, आता एकच उरली. मदतीला म्हणून एक नर्स, पण तिच्याकडे आख्खी इमारत. संध्याकाळी एका वेळी चार माणसं चार दिशांना निघायची. एकाला टॉयलेटला न्यायचं तर बाकीच्यांकडे पाठ व्हायची. डोरीनसोबत चालणं वगैरे तर सोडूनच द्या.

मॅनेजर हेदरनं एके दिवशी निवेदिताला ऑफिसात बोलावलं. हेदर स्वभावानं वाईट नव्हती, समोर बसून तिनं आधी पाणी दिलं. म्हणाली, मालकांनी जागा कमी केल्यात, व्हिसाला पाठिंबा देता येईल अशी एकच जागा माझ्याकडे उरलीय, ती बंद विंगची. विमल जुनी आहे, म्हणून ती विमलला. तुझा करार या महिन्याच्या शेवटी संपतो, तो पुढे नाही वाढवता येणार. आय ॲम सो सॉरी.

निवेदिताचा व्हिसा त्या रेस्ट होमच्या नावाशी बांधलेला होता. नोकरी गेली की थोडी मुदत, तेवढ्यात दुसरा मालक शोधायचा, नाहीतर परतीचं विमान. ती हेलपाटे घालू लागली. मॅनुकाऊ, ताकानिनी, पुकेकोहे, जिथे जिथे रेस्ट होम होतं तिथे सुट्टीच्या दिवशी जाऊन आली. सगळीकडे गोड बोलणं, 'कीया ओरा' असं माओरी स्वागत, चहा, आणि नकार. परत येताना सदर्न लाइनच्या गाडीत ती खिडकीला डोकं टेकून बसायची. डोळ्यांसमोर वहिनीचा ताट वाढता वाढता थांबलेला हात यायचा. आईला फोनवर तिनं काही सांगितलं नाही.

विमलताई तिला म्हणाल्या, "मिळेल गं काहीतरी. देव आहे." त्या खरंच वाईट वाटून म्हणाल्या, पण निवेदिताला ते शब्द टोचले. ज्याचं ताट वाढलेलं आहे त्याला देव चटकन आठवतो.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. निवेदिताची पाळी पुढच्या विंगमध्ये होती. बंद विंगमधून कस्टर्ड कमी पडल्याचा निरोप आला म्हणून ती एक डबा घेऊन मागे गेली. जुलै म्हणजे तिकडचा ऐन हिवाळा, पाच वाजले नाहीत तोच बाहेर अंधारून आलेलं. आत शिरताच तिला काहीतरी वेगळं वाटलं. कॉरिडॉर शांत होता. या वेळेला तो कधी शांत नसायचा. डोरीन खुर्चीत मान टाकून बसली होती, तोंड थोडं उघडं. शेजारी दोघं तशीच.

लहान स्वयंपाकघराचं दार अर्धवट उघडं होतं. विमलताई पाठमोऱ्या उभ्या होत्या. ओट्यावर कस्टर्डच्या वाट्या मांडलेल्या. त्यांनी एप्रनच्या खिशातून गोळ्यांची एक पट्टी काढली, एक गोळी मोडून अर्धी चमच्याच्या पाठीनं चुरली आणि वाटीत मिसळली.

निवेदितानं पट्टीवरचं लेबल ओळखलं. मागच्याच आठवड्यात वारलेल्या मिस्टर पेनफोल्डच्या झोपेच्या गोळ्या होत्या त्या. माणूस गेला की त्याची औषधं फार्मसीला परत करायची असतात.

"ताई," ती म्हणाली.

विमलताईंच्या हातातला चमचा वाटीवर आपटला. वळून पाहिलं तर चेहरा पांढराफटक.

निवेदिताच्या अंगात संताप असा उसळला की तिला स्वतःचंच नवल वाटलं. त्या क्षणी नोकरी, व्हिसा काही काही आठवलं नाही. आठवली ती फक्त मान टाकून बसलेली डोरीन. कुणी त्या वेळी तिला विचारलं असतं की परत संगमनेरला जातेस की हे असलं करतेस, तर तिनं त्याच पावली बॅग भरली असती.

"हे काय करताय तुम्ही? मी हेदरला सांगणार. आत्ता."

विमलताईंनी दार लोटून घेतलं. रडल्या नाहीत. ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात बोलू लागल्या.

"सांग. पण आधी ऐक. परवा तो आर्थर पडला, कपाळ फुटलं. मी डोरीनला दारापासून ओढत होते तेव्हा. दोन हात आहेत मला. हेदरला तीनदा सांगितलं, माणूस दे. ती म्हणते, मालक देत नाहीत. चौथ्यांदा सांगितलं तर म्हणेल, तुला झेपत नाही, दुसरी बघते. मग मी कुठं जाऊ? ह्यांना अंथरुणावरून उठवायला माणूस लागतं घरी. श्रुतीची शाळा राहिलीय."

"म्हणून गोळ्या चारायच्या? तिच्या नावाची गोळीसुद्धा नाही ती."

"अर्धीच देते. झोपतात, पडत नाहीत." मग त्या म्हणाल्या, "आणि ती डोरीन, तिला कळतं असतं ना, तर तिनं मला माफ केलं असतं. तुला नाही सांगितलं तिनं वासरांचं? व्यालेल्या गाईचं चार दिवसांचं वासरू कत्तलखान्याच्या ट्रकमध्ये चढवायची ती. स्वतःच्या हातानं. गाय रात्रभर हंबरायची, ही उशी डोक्यावर घेऊन झोपायची. मला म्हणाली होती, करावं लागायचं, नाहीतर फार्म गेलं असतं. जगायला करावं लागतं ते पाप नसतं गं. तिनं तेच केलं, मी तेच करतेय."

निवेदिता ऐकत होती. ऐकता ऐकता तिच्यातला तो संताप ओसरला, आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं. ते गार होतं आणि फार स्पष्ट होतं. नंतर पुष्कळ वर्षं तिनं या एका क्षणाचा विचार केला. आपण नेमकं कुठे वळलो ते शोधायचा प्रयत्न केला. पण तिला इतकंच आठवायचं की तिचा आवाज एकदम शांत झाला होता.

"जगायला करावं लागतं ते पाप नसतं," ती म्हणाली. "खरंय का हे, ताई?"

"खरंय बाई."

"मग मलाही जगायचंय."

विमलताईंना आधी कळलं नाही.

"मी हेदरला काही सांगत नाही. तुम्ही उद्या जाऊन सांगा, घरच्या अडचणीमुळे नोकरी सोडते म्हणून. जागा मोकळी झाली की हेदर मलाच घेईल. दुसरं कुणी तयार नाही तिच्याकडे." तिनं हात पुढे केला. "आणि ती पट्टी द्या माझ्याकडे."

विमलताई तिच्याकडे बघत राहिल्या. जिला शेवभाजी आणून खाऊ घातली तिच्याकडे बघावं तसं नाही, अनोळखी माणसाकडे बघावं तसं. मग त्यांनी पट्टी तिच्या तळहातावर ठेवली, एप्रन सोडला, घडी घालून ओट्यावर ठेवला. म्हणाल्या, "आर्थरला सातला बाथरूमला न्यावं लागतं. विसरू नको." जणू रोजच्यासारखी पाळी बदलत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. हेदरला वाईट वाटलं, तिनं कार्डावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या, एक केक आणला. निवेदितानं कार्डावर सही केली. विमलताई केक न खाता गेल्या. आणि सोमवारपासून बंद विंगची दुपार निवेदिताची झाली.

तिनं स्वतःला बजावलं होतं की आपण गोळी कधी देणार नाही. पट्टी लॉकरमध्ये मागे ठेवली होती. फेकायचा विचार दोन-तीनदा केला, पण पुरावा म्हणून राहू दे, विमलताई उलटल्या तर, असं म्हणून ठेवली. पहिले काही आठवडे तिनं जीव तोडून काम केलं. डोरीनला एका हातानं धरायची आणि दुसऱ्या हातानं ट्रॉली ओढायची. गायींबद्दल बोलता बोलता मध्येच धावायची, कारण आर्थर उठलेला असायचा. डोरीन मागून हाक मारायची, "अगं, पांढरी राहिली." ती परत येईपर्यंत डोरीन दारावर मुठी आपटत असायची. एकदा तिनं निवेदिताच्या तोंडावर मारलं. पूर्वी कधी मारलं नव्हतं. निवेदिता हेदरकडे गेली आणि म्हणाली, माणूस दे. हेदर म्हणाली, मी विचारते. आणि मग अगदी सहज विचारलं, "तुला झेपतंय ना? विमल छान सांभाळायची सगळं. शांत असायची विंग."

ऑगस्टच्या एका संध्याकाळी पाऊस आडवा लागत होता. खोल्या ऊबदार ठेवणारा हीट पंप बिघडला होता, सगळी माणसं बिथरलेली, एक जण रडत होता, आणि डोरीन दारावर डोकं आपटत होती. निवेदिता लॉकरकडे गेली. अर्धी गोळी. फक्त आजच्या दिवस.

विंग शांत झाली. तिला स्वतःला खुर्चीत बसून गरम चहा पिता आला. त्या चहाची चव तिला आवडली होती, आणि हे ती पुढे कधीच विसरू शकली नाही.

आजच्या दिवस म्हणता म्हणता आठवड्यातून दोनदा झालं, मग बहुतेक रोज. कस्टर्डच्या वाटीत चमचा फिरवता फिरवता ती आता पुढची कामं मनात लावायची. गेल भेटायला आली की निवेदिता त्या दिवशी गोळी द्यायची नाही आणि डोरीनसोबत चालायची. गेल म्हणायची, "आई हल्ली खूप शांत झालीय. तुझ्यामुळे."

सप्टेंबरच्या शेवटाला डोरीन पडली. संध्याकाळचीच वेळ. गोळीनं गुंगी आलेली, पण पायांना त्यांची वेळ ठाऊक होती. ती खुर्चीतून उठली असणार, दोन पावलं टाकली असणार. निवेदिता तेव्हा दुसऱ्या खोलीत कुणाची तरी ओली चादर काढत होती. तिला पडल्याचा आवाजही आला नाही. बाहेर आली तर डोरीन जमिनीवर आडवी, एक पाय विचित्र वळलेला, आणि ती ओरडत नव्हती. निवेदिता गुडघ्यांवर बसली, तिचं डोकं मांडीवर घेतलं. डोरीननं जड जिभेनं विचारलं, "कुणाची पाळी आहे आज?"

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण तिथून ती परत आली नाही. आधी छातीत कफ झाला, मग न्यूमोनिया. तीन आठवड्यांनी हॉस्पिटलात वारली.

चौकशी झाली, पण ती पडण्याची. मॅट कुठे होती, चप्पल कोणती होती, दिवा होता का. तिनं काय खाल्लं होतं हे कुणी विचारलं नाही, आणि निवेदितानं सांगितलं नाही. चौकशी झाली त्या रात्री तिनं घरी जाऊन उरलेल्या गोळ्या संडासात टाकल्या. पट्टी पाण्यावर तरंगत राहिली, ती हात घालून काढावी लागली.

गेल सामान न्यायला आली. डोरीनचे स्वेटर, नवऱ्याचा फ्रेममधला फोटो, एक जुनी घंटा. जाताना तिनं निवेदिताला घट्ट मिठी मारली. म्हणाली, "तिच्या शेवटच्या दिवसांत तुझ्याइतकं तिला कुणी समजून घेतलं नाही. थँक यू. माझ्याकडून, आम्हा सगळ्यांकडून." निवेदिताला बोलायचं होतं. खरोखर होतं. पण गेलच्या खांद्यावरून तिला हेदर दिसत होती, हेदरच्या मागे ऑफिसचं दार, आणि ज्या टेबलावर तिच्या रेसिडेन्सीच्या, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवानगीच्या, अर्जाला लागणारं पत्र तयार होत होतं ते टेबल. ती म्हणाली, "शी वॉज लव्हली." एवढंच.

पुढच्या वर्षी तिला रेसिडेन्सी मिळाली. आईनं गावात पेढे वाटले. फोनवर भाऊसुद्धा म्हणाला, नाव काढलंस. त्याच आठवड्यात निवेदितानं रेस्ट होमची नोकरी सोडली. ज्यासाठी एवढं केलं ते हाती आल्यावर तिला तिथे एक दिवसही उभं राहवेना.

विमलताईंचा पत्ता लावायला वेळ लागला. माउंट रॉस्किलमधल्या त्यांच्या जुन्या घरात दुसरे भाडेकरू होते. कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे तिथल्या किराणा दुकानात, गुजराती मालकानं सांगितलं, त्या पुकेकोहेला असतात, कांदे निवडून पोत्यांत भरायच्या पॅकहाउसमध्ये. एका रविवारी निवेदिता गेली. वीटकामाचं बुटकं घर, व्हरांड्यात पाच-सहा जणींचे गमबूट ओळीनं ठेवलेले. विमलताईंनी दार उघडलं. वाळल्या होत्या. तिला ओळखायला त्यांना क्षणभर लागला, मग म्हणाल्या, "ये."

चहा केला. कपाला कांद्याचा वास होता, त्यांच्या हातांनाही. काशिनाथ आणि श्रुती जळगावला दिराकडे होते. नोकरी सुटल्यावर मुदतीत दुसरी मिळाली नव्हती, तिघांनाही जळगावला परत जावं लागलं. मग हे पॅकहाउसचं काम मिळालं म्हणून या एकट्या परत आल्या, हंगामापुरत्या. श्रुतीचं तिकडच्या बारावीत जमलं नाही, एक वर्ष गेलं. आता एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते.

"नर्सिंगचं?" निवेदितानं विचारलं.

"नाही झालं."

मग निवेदितानं सगळं सांगितलं. लॉकर, अर्धी गोळी, डोरीन. बोलताना ती टेबलाकडे बघत होती. तिचं संपल्यावर विमलताई म्हणाल्या, "डोरीन गेली हे मला माहीत नव्हतं." आणि पदराचं टोक नसल्यामुळे स्वेटरच्या बाहीनं डोळे पुसले.

"माझं चुकलं, ताई. मी तुमचं सगळं हिसकावलं."

"ते तर केलंसच," विमलताई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते ऐकणं जास्त जड गेलं. "पण मला त्याचं एवढं नाही. तू त्या दिवशी दारात आलीस ना, तेव्हा मी घाबरले, आणि खरं सांगू, सुटल्यासारखंही वाटलं. म्हटलं, पाहिलं कुणीतरी. आता थांबेल हे. तू सांगायला हवं होतंस गं हेदरला. माझी नोकरी तरीही गेलीच असती. पण माणसं आली असती तिथं. डोरीन चालली असती अजून."

चहा गार झाला.

"आणि मी ते बोलले होते ना, जगायला करावं लागतं म्हणून," विमलताई उठत म्हणाल्या, "ते मी तुला नव्हते सांगत. स्वतःला सांगत होते. रोज सांगायचे. तू ते खरं धरलंस."

त्यानंतर निवेदिता केंब्रिजला गेली. गेल घरामागे हायड्रेंजियाच्या फांद्या छाटत होती. निवेदिताला पाहून हसली, कात्री खाली ठेवली, आणि ऐकता ऐकता तिनं ती परत उचलली, उगाच हातात धरून ठेवली. निवेदिता बोलायची थांबली तेव्हा गेलनं एकच विचारलं, "त्या दिवशी तिच्यासोबत कुणी चाललं होतं का?"

"नाही."

गेल झाडाकडे वळून उभी राहिली. मग म्हणाली, "तू आता जा, प्लीज." निवेदिता गेली. गाडीपाशी पोचल्यावर मागे पाहिलं तर गेल तशीच उभी होती.

गेलनं तक्रार केली, आणि निवेदितानं ते गृहीतच धरलं होतं. चौकशीत तिनं जे केलं ते सांगितलं. गोळ्या कुठून आल्या या प्रश्नाला मिस्टर पेनफोल्डच्या होत्या, मी ठेवून घेतल्या, असं उत्तर दिलं. विमलताईंचं नाव काढलं नाही. ही त्यांची भरपाई होती की आणखी एक लपवाछपवी, हे तिला अजून ठरवता आलेलं नाही. पोलिसांपर्यंत प्रकरण गेलं नाही, पण म्हाताऱ्या किंवा आजारी माणसांजवळचं काम तिला पुन्हा मिळणार नाही अशी नोंद झाली. मालकांना त्या विंगमध्ये दुपारच्या पाळीला माणसं वाढवावी लागली. हेदरनं नोकरी सोडली. तिचा एक मेसेज आला होता, "मी विचारायला हवं होतं." त्याला निवेदितानं उत्तर दिलं नाही, कारण हेदरनं विचारलं असतं तरी आपण खरं बोललो असतो याची तिला खात्री नव्हती.

ती आता वेलिंग्टनकडे, जॉन्सनव्हिलला असते. एका नर्सरीत काम करते, रोपं कुंड्यांत बसवायचं, पाणी घालायचं. आसपास पुण्या-मुंबईची बरीच मंडळी आहेत, बहुतेक आयटीतली. ती तिला दिवाळीला बोलावतात, आणि ती जातेही. कुणी विचारलं, आधी काय करायचीस, तर ती सांगते, रेस्ट होममध्ये होते. मग कुणीतरी म्हणतं, किती पुण्याचं काम. ती तेव्हा ताटं उचलायला उठते.

महिन्यातून एकदा ती विमलताईंना फोन करते. त्या कधी उचलतात, कधी नाही. उचलला तर कांद्याचं सांगतात, यंदा पावसानं किती सडला ते, काशिनाथ काठी घेऊन ओट्यापर्यंत चालायला लागलेत ते. गेल्या वेळी श्रुतीचं लग्न ठरल्याचं सांगितलं. निवेदितानं विचारलं, "मी काही पाठवू का तिला?"

पलीकडे पॅकहाउसच्या सरकत्या पट्ट्याचा खडखडाट चालू होता.

"नको," विमलताई म्हणाल्या. "पण फोन करत जा."